स्नायू, स्नायु आणि पेशी

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंनी विचारलंय : "सासूबाईंचा गुडघा दुखावला. एमआरआय झाला, व्यायामाचं हिंदी पत्रक मिळालं. त्यात आहे, 'घुटने के भीतरी ओर के स्नायु में खिंचाव, जाँघ की पेशियों का व्यायाम करें।' सासूबाई म्हणतात, स्नायूच ताणलाय ना, मग तेल लावून रगडा. मुलगा हिंदी माध्यमातला, तो म्हणतो स्नायु म्हणजे लिगामेंट. शेजारचे बंगाली काका म्हणतात नर्व्ह. आणि पेशींचा व्यायाम करायचा तरी कसा? मोच आणि मुरगळणं एकच का, तेही सांगा."

या पत्रकापुरतं मुलाचं बरोबर आहे. शाळेच्या हिंदी विज्ञानात हाडाला हाड बांधणारा पट्टा म्हणजे स्नायु, हाड हलवणारं मांस म्हणजे पेशी, आणि आपण जिला पेशी म्हणतो ती कोशिका. मराठी पाठ्यपुस्तकांत हेच तिघे अनुक्रमे अस्थिबंध, स्नायू आणि पेशी. शब्द दोन्हीकडे तेच, पण एकेक घर सरकलेले. काकांनाही खोटं पाडू नका. बंगालीत स्नायु म्हणजे नर्व्हच, आणि मज्जासंस्थेला 'स्नायु-तंत्र' म्हणणारे हिंदीतही आहेत.

यातला जुना अर्थ कोणता म्हणाल, तर सुश्रुतसंहितेचं शारीरस्थान उघडावं. तिथे पेशी 500 आणि स्नायू 900, असे दोन्ही वेगवेगळे मोजलेत. फळ्या पुष्कळ बंधनांनी आवळल्या की नाव पाण्यावर माणसांचं ओझं पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले म्हणून माणूस भार सोसतो, असा दृष्टान्तही आहे. म्हणजे स्नायूचं काम बांधण्याचं. मात्र सुश्रुताचा स्नायू आजच्या लिगामेंटपेक्षा ऐसपैस. त्याचे चार प्रकार, आणि त्यांतल्या गोल, दोरीसारख्या स्नायूंना तो कंडरा म्हणतो. मांसाला हाडाशी जोडणाऱ्या टेंडनसाठी हिंदीनं हाच शब्द ठेवला. आपण त्याला स्नायुरज्जू म्हणतो. मला वाटतं, मराठीतला घसरा इथेच कुठेतरी झाला असावा. दोरीचं नाव दोरी ओढणाऱ्या मांसाला चिकटलं. पेशीचा जुना अर्थ मात्र आपल्याकडे अगदीच गेला नाही, 'मांसपेशी'त तो अजून बसलाय.

(मज्जातंतू हा आणखी एक गोंधळ. त्यात मज्जा आहे, पण हाडातल्या मज्जेशी त्याचा संबंध नाही. पाठ्यपुस्तकातला चेतातंतू मला म्हणूनच बरा वाटतो, पण घरात कोणी म्हणत नाही.)

आता गुडघा. त्याचे मुख्य अस्थिबंध चार : दोन आत, एकमेकांना छेदून जाणारे, आणि दोन कडेचे, आतल्या व बाहेरच्या बाजूचे. पत्रकातला 'भीतरी ओर का' म्हणजे आतल्या कडेचा. साध्या एक्स-रेत हाड दिसतं, हे पट्टे दिसत नाहीत, म्हणून एमआरआय. त्यात चुंबकक्षेत्र आणि रेडिओलहरी वापरून शरीरातल्या हायड्रोजनकडून, म्हणजे मुख्यतः पाणी आणि चरबीकडून, संकेत मिळवतात. अस्थिबंधाच्या घट्ट तंतूंमधून संकेत जवळजवळ येतच नाही, त्यामुळे धडधाकट अस्थिबंध काळ्या पट्टीसारखा दिसतो आणि मांस करडं. इजा झाली की तिथे पाणी साचतं, आणि काही चित्रांत ते पांढरं चमकतं. सासूबाईंना फिल्म दाखवून हा काळा पट्टा समजावला तर शब्दावरचा वाद निम्मा मिटेल. रगडण्याचं मात्र आधी फिजिओथेरपिस्टला विचारा.

'पेशियों का व्यायाम' म्हणजे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. अस्थिबंध आपण होऊन आवळत नाही, मांडीचे स्नायू मात्र आवळतात आणि गुडघ्याला आधार देतात. इंदुरात, जिथे एकाच घरात दोन्ही भाषा नांदतात, मी तरी सरळ लिगामेंट म्हणेन. इथे शुद्धतेचा हट्ट धरला तर नुकसान गुडघ्याचं.

राहिली मोच. हो, पाय मुरगळला म्हणजे मोच आली, दोन्हींत बहुधा अस्थिबंधच ताणलेला असतो. पोटरीत गोळा येतो किंवा कमरेत उसण भरते तेव्हा दुखणं बहुतेक वेळा मांसाचं, म्हणजे मराठी स्नायूचं. सासूबाईंना विचारून पाहा, उसण आणि मुरगळणं त्या एक म्हणायच्या नाहीत.