मुलीच्या नव्या व्यवसायासाठी गाडी आत्ताच घ्यावी का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीने मे महिन्यात नोकरी सोडली आणि जूनपासून इंटिरिअर डिझायनिंगची स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली. मार्चअखेर साधारण ९ लाख ४० हजार रुपये जमा होतील, खर्च २ लाख १० हजारांच्या घरात जाईल. जुलैत १ लाख १० हजारांचा लॅपटॉप घेतला. आता जवळची माणसं सांगताहेत की मार्चच्या आत गाडी घ्या, घसारा मिळेल, टॅक्स वाचेल. ९ लाखांची गाडी तुमच्या नावावर घेऊन तिच्या धंद्यात दाखवायची, असा बेत आहे. तो बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर सांगतो. टॅक्ससाठी म्हणून ही गाडी मार्चच्या आत घेऊ नका. लॅपटॉप घेतलात ते योग्यच झालं.

आता कारण. घसारा म्हणजे सरकारने दिलेली भेट नव्हे. वस्तू वापराने झिजते, तिची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात धरायची, एवढाच त्याचा अर्थ. खर्च वाढला की करपात्र नफा कमी होतो आणि त्या कमी झालेल्या नफ्यावर जो कर बसला असता तेवढाच वाचतो. मूळात करच बसत नसेल तर वाचणार काय? नव्या कररचनेत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तुमच्या मुलीची पूर्ण जमा, त्यात एप्रिल-मेचा पगार मिळवला तरी, त्या रेषेच्या खालीच राहते. म्हणजे गाडी न घेता कर शून्य आणि घेऊनही शून्यच.

समजा तिचं उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात असतं, तरी हिशोब काय झाला असता ते बघा. स्वतःच्या वापरातल्या मोटारीवर घसारा १५ टक्के. ज्या वर्षी खरेदी, त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा, म्हणजे साडेसात टक्के. ९ लाखांवर ६७,५०० रुपये. गाडी घरच्या कामालाही वापरणार, असं तुम्हीच लिहिलंय. कामाचा वाटा ७० टक्के धरला तर उरतात ४७,२५०. त्यावरचा २० टक्के कर ९,४५०, वर थोडा सेस. दहा हजारही पुरते वाचत नाहीत आणि त्यासाठी ९ लाख बाहेर जातात किंवा कर्जाचा हप्ता पाच-सात वर्षं मानेवर बसतो. मार्च जवळ आला की अशा खरेदीची घाई दरवर्षी सुरू होते. १८० दिवसांची ही रेघ साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत येते. पूर्ण वर्षाचा घसारा हवा असेल तर वस्तू त्याआधी घेऊन वापरात आणावी लागते.

गाडी तुमच्या नावावर असली तर आणखी अडचण आहे. घसारा मागणाऱ्याची त्या वस्तूवर मालकी हवी, पूर्ण किंवा काही अंशी. पैसे तुमचे, नोंदणी तुमची आणि घसारा मुलीच्या खात्यात, हे जुळत नाही. अशी प्रकरणं पुढे वादात लढवता येतात हे खरं, पण पहिल्याच वर्षी वाद ओढवून घ्यायचं काही कारण नाही. पुढे कधी गाडी घ्याल तेव्हा ती तिच्या नावावर घ्या, पैसे तिच्या खात्यातून जाऊ द्या, कर्जही तिच्याच नावावर असू दे. हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात धरतात, तेही कामाच्या वाट्याइतकं. मुद्दल धरता येत नाही. पूर्ण हप्ताच खर्चात टाकणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता जो मुद्दा तुम्हाला कुणी सांगितला नसावा, तो. इंटिरिअर डेकोरेशन हा व्यवसाय अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत बसतो. आयकर कायदा १९६१ मध्ये तिचं कलम ४४एडीए. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू असल्यामुळे पुढे कलमांचे आकडे बदललेले दिसतील. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीने आलेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत), तर जमेच्या निम्मा नफा दाखवायचा. खरा नफा त्याहून जास्त असेल तर मी जास्तच दाखवायला सांगतो. खर्चाच्या वह्या नाहीत, ऑडिट नाही, रिटर्न आयटीआर-४ या सोप्या फॉर्ममध्ये. नवख्या माणसाला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. मात्र या योजनेत लॅपटॉप, गाडी, प्रिंटर यांचा घसारा वेगळा मागता येत नाही. तो त्या निम्म्या खर्चात आलाच, असं कायदा मानतो. आणि नुसतं मानत नाही, वस्तूची कागदावरची किंमतही दरवर्षी तेवढी उतरवतो.

याचा परिणाम तुमच्या गाडीवर लावून पाहा. खाजगी वापर घटकाभर बाजूला ठेवा. या मार्चच्या आत घेतलेली ९ लाखांची गाडी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कागदावर ६ लाखांच्या आसपास येते. मधले ३ लाख कुठेही उपयोगी न पडता झिजून गेले. चौथ्या वर्षी मुलीचं काम वाढलं, घसाऱ्याची खरी गरज पडली, तेव्हा हाताशी उरतात ते हे ६ लाख. घसारा पुढच्यासाठी साठवून ठेवता येत नाही. पूर्ण वह्या ठेवणाऱ्यालाही ‘यंदा नको, पुढच्या वर्षी घेतो’ म्हणायची सोय नाही. तुम्ही मागा न मागा, तो धरला जातोच. म्हणून म्हणतो, गाडी कामाला लागेल त्या वर्षी घ्या.

ते वर्ष ओळखायचं कसं? मुलीला एक विचारा. ती फक्त डिझाइनची फी घेते, की पुढे टर्नकी कामं, म्हणजे सामान-मजुरीसकट पूर्ण काम करून देणं, घेणार आहे? टर्नकीत प्लायवूड, लॅमिनेट, सुतार, इलेक्ट्रिशियन सगळं तिच्या बिलातून जाईल. ३० लाखांच्या जमेत तिचे स्वतःचे कदाचित ५ लाखच असतील. तिथे निम्मा नफा दाखवणं म्हणजे १५ लाख दाखवणं, आणि न कमावलेल्या १० लाखांवरही कर भरणं. त्या दिवशी वह्या, आयटीआर-३ हा मोठा फॉर्म, ऑडिट हे सगळं आलं आणि तेव्हा गाडी-लॅपटॉपच्या घसाऱ्याला खरी किंमत आली. टर्नकीच्या जमेला व्यवसायाचे (प्रोफेशन) नियम लावायचे की धंद्याचे (बिझनेस), हे सीएकडून पहिलं मोठं काम घेण्याआधी ठरवून घ्या. जीएसटीही तिथेच गाठतो, कारण सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे. तिने आतापासून डिझाइनची फी आणि कामाची अंमलबजावणी यांची बिलं वेगळी ठेवावीत.

तोवर सवयी लावून घ्या. लॅपटॉपचं बिल तिच्याच नावाचं आहे ना? पैसे खात्यातून गेलेत ना? एका दिवसात एकाच माणसाला १० हजारांपेक्षा जास्त रोख देऊन घेतलेल्या वस्तूची ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरलीच जात नाही. मी समुपदेशन सुरू केलं तेव्हा ऑफिसचं टेबल आणि कपाट रोखीने घेतलं होतं, थोडी सूट मिळाली म्हणून. बिल हातात होतं, पण वर्षाअखेरीला सीएने ते बाजूला सरकवलं, तेव्हा हा नियम मला कळला. फर्निचरवर १० टक्के, संगणकावर ४० टक्के, बाकी बहुतेक उपकरणांवर १५ टक्के, हे दर तिला माहीत असू देत. तिच्या लॅपटॉपचे पहिल्या वर्षी ४४ हजार झिजतात, उरलेल्या ६६ हजारांवर पुढच्या वर्षी २६,४००. पुढे जीएसटी नोंदणी झाली आणि एखाद्या उपकरणावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं, म्हणजे तो स्वतःच्या भरायच्या जीएसटीतून वजा केला, तर त्या जीएसटीच्या रकमेवर घसारा मिळत नाही. दोन्ही मिळत नाहीत, एकच.

गाडी आली की पहिल्या दिवसापासून डॅशबोर्डमध्ये एक साधी वही ठेवायला सांगा. नोंद एवढीच: ‘१२ जून, घर ते साइट क्र. २ आणि परत, ४६ किमी, टाइल्सची निवड.’ महिन्याच्या एक तारखेला किलोमीटरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो. कामाचा वाटा ७० टक्के आहे, असं तोंडी सांगण्यात आणि वही पुढे ठेवण्यात फार फरक पडतो.

सध्या साइटवर जायला दुचाकी आणि गरज पडेल तेव्हा भाड्याची गाडी पुरेल असं मला वाटतं. तिच्या जागी मी असतो तर ते ९ लाख हातात ठेवले असते. पहिल्या वर्षी ग्राहक पैसे उशिरा देतात, दोन कामांमध्ये महिनाभर रिकामा जातो, आणि अशा वेळी खात्यात शिल्लक असेल तर पडेल त्या दरात काम घ्यावं लागत नाही.

अजून एक गोष्ट तुमच्या पत्राच्या तळाशी ओझरती आली आहे. एका बिल्डरने तिच्या फीमधून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कापायचा कर, कापला. यंदाचे खरे पैसे तिथे आहेत. कर शून्य येत असेल तर ती रक्कम परत मिळते, पण रिटर्न भरल्यावरच. तिला आयकर खात्याच्या पोर्टलवर जाऊन फॉर्म २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) उघडायला सांगा आणि बिल्डरने कापलेली रक्कम तिच्या पॅनवर जमा दिसते का, ते याच आठवड्यात बघा. दिसत नसेल तर मार्च संपण्याआधी त्याच्या अकाउंटंटला फोन करा.