माँटू पॉझिटिव्ह म्हणजे डोळ्यात टीबी?

युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतली सूज) पुन्हा उलटला, माँटू, म्हणजे हातावर सुई टोचून करतात ती टीबीची टेस्ट, १६ मिमी आली, एक्स-रे साफ, खोकला-ताप काहीच नाही. मग टीबीची औषधं कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण हा आजार बरीच वर्षं अंगावर काढलाय.

माँटू काय किंवा इग्रा ही रक्ताची टेस्ट काय, या टेस्ट जंतू शोधतच नाहीत. शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली असावी, एवढंच सांगतात. तो आज सक्रिय आहे का, डोळ्यात आहे का, हे त्यांतून कळत नाही. म्हणून डॉक्टरांना डोळ्यात काय दिसलं, ते आधी विचारा. पडद्यामागच्या थरात नागमोडी पसरणारे चट्टे किंवा गाठ असेल आणि टेस्टही पॉझिटिव्ह असेल, तर संशयाला जोर येतो. उलट एका डोळ्याच्या पुढच्या भागात अचानक आलेली, थेंबांनी बसणारी सूज आणि रक्तात एचएलए-बी२७ (अशा सुजेशी जोडलेली एक जनुकीय खूण) असेल, तर त्याच १६ मिमीला फारसं वजन राहत नाही.

एक्स-रे साफ असल्याने मात्र टीबी बाद होत नाही. डोळ्याच्या टीबीत फुप्फुसं बऱ्याचदा ठीकच असतात; छातीच्या सीटी स्कॅनमध्ये कधी बारीक गाठी सापडतात. डोळ्याच्या आतल्या पाण्याची (अश्रूंची नव्हे) पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट, निगेटिव्ह आली तरी तेच, कारण तिथे जंतू फार थोडे असतात.

माँटू वाचली कशी, हेही बघा. ४८ ते ७२ तासांत, हाताच्या आडव्या रेषेत, बोटाला लागणारा कडक फुगवटा मोजायचा. भोवतीची लाली नाही. लालीवर पट्टी ठेवणारे लोक आहेत! शिवाय बीसीजीमुळे माँटू पॉझिटिव्ह येऊ शकते, इग्रा येत नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना दोन्ही खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, म्हणून जमलं तर रक्त आधीच द्यावं. टीबीच्या अँटीबॉडीची रक्ततपासणी कुणी सुचवली तर नको म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच ती वापरू नका असं सांगितलंय.

पुढे अडॅलिमुमॅबचा, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून सूज आवरणाऱ्या इंजेक्शनचा, विषय निघाला, तर डोळ्याचं कारण काहीही असो, टीबीची तपासणी हवीच. त्या इंजेक्शनने दबलेला टीबी उसळू शकतो.

आणि टीबीची औषधं ठरलीच, तर इथॅम्ब्युटॉल सुरू होण्याआधी नजर आणि रंग ओळखण्याची तपासणी करून तिची नोंद फाइलमध्ये ठेवा. ते औषध डोळ्याच्या नसेला बाधू शकतं, आणि आधीची नोंद नसेल तर नजर आजाराने उतरली की औषधाने, हे ठरवणं अवघड जातं.