न्यू कॅलेडोनियाचा कावळा बघायला जाताय?

मान वर करून फिरू नका. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाच्या ग्रांद तेर या मुख्य बेटावरच्या रानात आधी केवड्याच्या जातीची झाडं गाठा आणि पानांच्या काटेरी कडा तपासा. पायऱ्यापायऱ्यांची खाच दिसली, की कावळ्याने तिथून अळ्या काढायचं हत्यार कापून नेलंय. नेलेल्या पट्टीचा हुबेहूब आकार पानावर मागे राहतो. मग जवळपास कुजका ओंडका शोधा आणि जरा लांब, गप्प बसा. ओंडक्यातल्या अळ्या काडीने डिवचून काढताना दिसला तर नशीबच! दुर्बीण चोचीवर रोखा: सरळ, खालचा भाग टोकाकडे किंचित वर गेलेला, त्यामुळे काडी पक्की धरता येते. गावकावळ्याची करडी मान मात्र शोधू नका, हा नखशिखांत काळा. आणि तार वाकवून आकडा करणारी, २००२ साली गाजलेली ‘बेटी’ नावाची याच जातीची मादी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पिंजऱ्यातली होती. रानात तसली अपेक्षा नको.