कोरियनमध्ये ‘फ्रॉम’ला काय म्हणतात?

प्रश्न असा आला आहे: इंग्रजीतल्या इन, ॲट, टू, फ्रॉम यांसाठी कोरियनमध्ये कोणते शब्द आहेत, आणि ते नामाच्या आधी का येत नाहीत?

आधी येत नाहीत, कारण मराठीसारखेच ते नामाला मागून चिकटतात. कोरियन व्याकरणात त्यांना ‘चोसा’ म्हणतात. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच, की हे शिकताना इंग्रजी बाजूला ठेवा आणि थेट मराठीवरून जा.

‘फ्रॉम’चंच बघा. आपण सोलहून येतो, सकाळपासून वाट बघतो आणि मैत्रिणीकडून पुस्तक घेतो. कोरियन माणूसही साधारण याच तीन वाटा करतो: ठिकाणाला ‘एसॉ’, वेळेला ‘बुथॉ’, माणसाला ‘हान्थेसॉ’. ‘पर्यंत’साठी ‘क्काजी’. म्हणून ‘आछिमबुथॉ जॉन्यॉक्काजी’ म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

‘ए’ हा प्रत्यय तर आपल्या सप्तमीची आठवण करून देतो. घरी आहे, घरी जाते, सकाळी उठते, या तिन्ही ठिकाणी कोरियनमध्ये ‘ए’च लागतो: जिबे, जिबे, आछिमे. आणि आज, काल, उद्या यांना आपण काही जोडत नाही, तसं ओनुल, ऑजे, नेइल यांनाही ‘ए’ लागत नाही.

मराठी माणूस अडतो तो पुढे. ‘घरी आहे’ आणि ‘घरी अभ्यास करते’ यांत आपलं ‘घरी’ एकच. कोरियनमध्ये नुसतं असणं असेल तर ‘जिबे इस्सॉयो’, पण तिथे काही कृती घडत असेल तर ‘जिबेसॉ गोंगबुहेयो’. म्हणजे ‘एसॉ’ची दोन कामं झाली, ‘हून’ आणि कृतीची जागा. राहणे या अर्थाच्या क्रियापदाला मात्र दोन्ही चालतात.

‘ला’चीही अशीच फोड होते. झाडाला पाणी घालायचं तर ‘ए’, मित्राला द्यायचं तर ‘हान्थे’ किंवा जरा लेखी वळणाचं ‘एगे’. आजींना, सरांना द्यायचं तर ‘क्के’: हालमॉनिक्के, सॉन्सेंगनिमक्के. आपण आदर अनेकवचनी ‘ना’वर भागवतो, त्यांनी त्यासाठी वेगळा प्रत्ययच ठेवला आहे, आणि मला तो फार आवडतो.

वर, खाली, शेजारी यांच्यासाठी नामं आहेत आणि पुढे तोच ‘ए’. ‘छेक्सांग विए’ म्हणजे टेबलाच्या वर. फक्त मधला ‘च्या’ बहुधा गाळतात.

साधन सांगायला ‘रो’: बसने म्हणजे बॉसुरो. ‘कोरियनमध्ये बोला’ यातल्या ‘मध्ये’लाही हाच ‘रो’, हांगुगॉरो. इथे आपलं सामान्यरूप विसरायचं. मूळ शब्द तसाच राहतो, बदलतो तो प्रत्यय. शेवटी व्यंजन असेल तर ‘उरो’, म्हणून पेनने म्हणजे फेनुरो. शेवटी ल असेल तर मात्र व्यंजन असूनही ‘रो’च, आणि उच्चारात तो ‘लो’ होतो: सोलकडे म्हणजे सॉउल्लो.