म्हाताऱ्या कुत्र्याला विसर पडतो का?

प्रश्न : आमचा १४ वर्षांचा कुत्रा रात्रभर घरात फेऱ्या मारतो आणि भिंतीकडे पाहत उभा राहतो. स्मृतिभ्रंश प्राण्यांनाही होतो का?

उत्तर : होतो. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचणाऱ्या बीटा-अमायलॉइड प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम माणसात आणि कुत्र्यात तंतोतंत सारखा असतो आणि उतारवयात ते कुत्र्याच्याही मेंदूत साचते. मात्र अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींत दिसणारे टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे गुंते कुत्र्यात क्वचितच आढळतात, म्हणून दोन्ही आजार एकच मानणे घाईचे ठरेल. पार्किन्सनवरील सेलेजिलिन हे औषध अमेरिकेत १९९८ पासून अशा कुत्र्यांसाठी मान्य आहे. ते परस्पर देऊ नये. आधी पशुवैद्यकांकडून दृष्टी, श्रवण आणि सांधे तपासून घ्यावेत, कारण निव्वळ सांधेदुखीनेही कुत्रा रात्री असाच येरझाऱ्या घालतो.