शोरूममधून महापौरपदाकडे

पोरी, अनेक आशीर्वाद.

शोरूमची नोकरी, संध्याकाळी आयटीआयच्या मुलांना शिकवणं, आणि आता नगरसेवकपदासाठी पक्षाकडून विचारणा. ‘मॅडम, एक ना धड भाराभर चिंध्या झाल्यात माझ्या,’ असं तू लिहिलंस. मला तसं वाटत नाही. का, ते सांगायला जपानमधल्या योकोहामाच्या फुमिको हायाशी बऱ्या. योकोहामा हे १९६५ पासून मुंबईचं भगिनी-शहर. पण तिथल्या या माजी महापौरबाई आधी गाड्या विकायच्या, हे आपल्या धंद्यातल्यांनाही ठाऊक नसतं.

बाईंचा जन्म १९४६चा. हायस्कूलपुढे शिकल्या नाहीत. मोठ्या कंपन्यांत साध्या नोकऱ्या करून १९७७ मध्ये, तिशी उलटल्यावर, होंडाच्या गाड्या विकू लागल्या. त्या काळी जपानात हे काम पुरुषांचं. त्यातही शोरूममध्ये बसून गिऱ्हाइकाची वाट बघायची सोय नव्हती, दारोदार फिरावं लागे. पुढे बीएमडब्ल्यूत गेल्या, १९९९ मध्ये फोक्सवॅगनच्या विक्री कंपनीच्या अध्यक्ष झाल्या, २००३ मध्ये बीएमडब्ल्यू टोकियोच्या. मध्ये दाएई या डबघाईला आलेल्या सुपरमार्केट साखळीची धुरा, मग निस्सानची विक्री कंपनी. आणि २००९ मध्ये थेट योकोहामाच्या महापौर. त्या शहराच्या पहिल्या महिला महापौर. जपानात महापौर लोकांच्या मतांवर निवडून येतो आणि कारभारही तोच चालवतो. आपल्यासारखं फीत कापायचं पद नव्हे.

आता नीट वाच. एप्रिल २०१० मध्ये योकोहामात पाळणाघरात जागा नसलेली १,५५२ मुलं यादीत होती. देशातली सर्वांत लांब यादी. मूल ठेवायला जागा नाही म्हणजे आईची नोकरी गेली. बाईंनी नवी पाळणाघरं भराभर काढली, खासगी कंपन्यांनाही त्यात येऊ दिलं. पण मला भावली ती दुसरी गोष्ट. २०११ पासून शहराच्या वॉर्ड कार्यालयांत त्यांनी सल्लागार बसवले. काम कुठे, किती वाजता सुटता, रोज गरज आहे की काही दिवसच, हे विचारून ते त्या घराला जमेल अशी सोय सुचवत. हे तर आपलंच काम! मॉडेल दाखवण्याआधी घरात माणसं किती, रोजचं रनिंग किती हे विचारायचं, हे मी तुला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. १ एप्रिल २०१३ला यादी शून्यावर आली आणि जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे यांनी ही ‘योकोहामा पद्धत’ देशभर न्यायची घोषणा केली.

शून्याची मोजणी मात्र जरा सोयीचीच होती. मुलासाठी रजा वाढवून घरी थांबलेल्या कित्येक आया त्यात धरल्याच नव्हत्या. पुढच्या वर्षी आकडा पुन्हा वीसवर गेला. महापालिकेच्या माध्यमिक शाळांत तर जेवणाची पंगत बसवायची सोडून त्यांनी मागवायचे डबे आणले, आणि ते फारच थोड्या मुलांनी घेतले. लोकांना काय हवंय ते विचारण्यात मुरलेल्या बाईंचा हा अंदाज कसा चुकला, याचं मला नवल वाटतं.

त्या घसरल्या मात्र कॅसिनोवरून. २०१७च्या निवडणुकीत त्याबद्दल म्हणाल्या, अजून काहीच ठरवलेलं नाही, पाटी कोरी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर केलं की यामाशिता धक्क्यावर कॅसिनो आणायचा. शहर म्हातारं होतंय, उत्पन्न आटणार, हे त्यांचं कारण खोटं नव्हतं. पण एक्स-शोरूम किंमत सांगून बुकिंग घ्यायचं आणि डिलिव्हरीच्या दिवशी ऑन-रोडचा आकडा पुढे करायचा, तर गिऱ्हाईक भडकणारच. जनमत घ्या म्हणून एक लाख नव्वद हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. जानेवारी २०२१ मध्ये नगरसभेने ती मागणी फेटाळली, बाईंनीही गरज नसल्याचंच मत दिलं होतं. ऑगस्टमध्ये चौथ्यांदा उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकावर गेल्या.

म्हणून क्षेत्रं किती बदललीस याची काळजी सोड. विचारायची सवय बरोबर नेलीस तर शोरूममधली वर्षं वॉर्डात वाया जाणार नाहीत. ती शोरूममध्येच ठेवून गेलीस तर मात्र खरोखर चिंध्या होतील.

राहिला पक्षाचा प्रश्न. आपल्याकडे पालिकेत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, म्हणून तुला विचारलंय हे उघड आहे. त्यात कमीपणा नाही. पण पाटी तुझी आणि सही दुसऱ्याची असं ठरत असेल, तर आत्ताच नाही म्हण. होकार द्यायचाच असेल तर मुदत माग. तेवढ्यात वॉर्डातल्या अंगणवाड्या किती वाजता सुटतात आणि तिथल्या मुलांच्या आया कामावरून किती वाजता परततात, हे दारात जाऊन विचार आणि मला कळव. उमेदवारीचं त्यानंतर बोलू.

तुझी,
मॅडम