ब्रेझा नेमकी कुठल्या सालची?

गोव्यात डिचोलीत गेली सत्तावीस वर्षं मी गाडी चालवायला शिकवते. भावाचं गॅरेज शेजारीच आहे, त्यामुळे गाड्या वरून माझ्या हाताखालून जातात आणि खालून त्याच्या. या वेळी आलेल्या पत्रांत चार पत्रं एकाच गाडीबद्दल आहेत, म्हणून या वेळचं पान मारुतीच्या ब्रेझाला.

प्रश्न : ताई, मी साखळीला राहते आणि म्हापशाच्या शाळेत शिकवते. रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. माहेर बेळगाव, म्हणजे महिन्यातून एकदा तरी चोर्ला घाट. घरी आम्ही दोघं, दोन मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. तीन ब्रेझा पाहून ठेवल्यात : २०१७ ची डिझेल, २०२१ ची पेट्रोल ऑटोमॅटिक आणि २०२२ च्या शेवटची नव्या रूपातली पेट्रोल, साधे गिअरवाली. तिसरीसाठी थोडं कर्ज काढावं लागेल. भाऊ म्हणतो, डोळे मिटून डिझेल घे. मिस्टर म्हणतात, दिसायला नवी तीच चांगली. तुम्ही सांगाल ती घेऊ.
— एक शिक्षिका, साखळी

उत्तर : बाई, मी सांगेन ती नको, सासूबाई सांगतील ती घ्या. खरंच सांगते. या तिन्ही गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर, रुंदी १,७९० आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,५००. २०२२ साली ‘विटारा ब्रेझा’तलं ‘विटारा’ गळलं, तोंड बदललं, आतला डॅशबोर्ड बदलला, उंची १,६४० वरून १,६८५ झाली. पण बसायची जागा जवळपास तीच राहिली. तेव्हा तिघींपैकी कुठल्याही एका गाडीत सासूबाईंना बसवून बघा. दाराशी उभं राहून आधी पाठ टेकायची, बसायचं आणि मग दोन्ही पाय आत घ्यायचे. हे करताना वर चढावं लागत नाही, खाली वाकावं लागत नाही, असं त्यांनी म्हटलं की गाडी जमली. जमली नाही, तर पुढचं वाचायचीसुद्धा गरज नाही, दुसरी गाडी बघा.

कंपनीच्या हिशेबाने ब्रेझाच्या दोन पिढ्या. मी तीन धरते, कारण माझ्या पायाखाली ती तीनदा बदलली.

पहिली मार्च २०१६ ची. फक्त डिझेल, १,२४८ सीसी, ९० पीएस. मूळ फियाटचं हे इंजिन स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये, अर्टिगामध्ये आणि टाटांच्या काही गाड्यांतही होतं, म्हणून वाळपईच्या मेकॅनिकलाही ते तोंडपाठ. तुमचा भाऊ चुकीचं बोलत नाही. लिटरला २४.३ किलोमीटर हा कंपनीचा आकडा, पेट्रोल ऑटोमॅटिकचा १८.७६. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले तर दीडशे लिटरच्या आसपास फरक पडतो, आणि डिझेल स्वस्तही. पण बाई, घाट कसा चढणार ते बघा. केरी सुटली, अंजुणे धरण मागे पडलं की वळणं सुरू होतात. पुढे खडीचा ट्रक असतो. तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये त्याच्यामागे सरकत आलात, वळणावर तो जवळजवळ थांबला. इंजिनाचे फेरे दीड हजारांखाली आले की टर्बो, म्हणजे इंजिनाला जादा हवा देऊन जोर वाढवणारा पंखा, झोपतो. तुम्ही पाय दाबता, गाडी क्षणभर काहीच करत नाही, मागे बस हॉर्न देत असते. मग एकदम जोर येतो, तेवढ्यात वळण संपलेलं असतं. ज्याला हे इंजिन कळलं तो वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाकतो आणि पुढे त्याच्यासारखी मजा नाही. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी ते शिकल्या. पण पावसात, धुक्यात, मागे दोन मुलं भांडत असताना ते रोजच्या सवयीचं असावं लागतं. महिन्यातून एकदा घाट चढणाऱ्याला ती सवय सहसा लागत नाही.

सुरक्षेचंही सांगते. २०१८ साली गाड्या आपटून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत या गाडीला मोठ्यांसाठी चार तारे मिळाले, मुलांसाठी दोन. विकणारा फक्त चार सांगेल. तुम्हाला दोन मुलं आहेत, म्हणून दोनचाही आकडा लक्षात असू दे. शिवाय हे तारे त्या गाडीचे आहेत, २०२२ नंतरच्या गाडीला ते लावायचे नाहीत. पुढच्या दोन्ही एअरबॅग सगळ्या प्रकारांत २०१८ पासून आल्या. त्याआधीच्या खालच्या प्रकारांत चालकाशेजारी एअरबॅग नसलेल्या गाड्या होत्या. २०१७ च्या गाडीत बसून डॅशबोर्डवर डाव्या बाजूला ‘एअरबॅग’ असा ठसा आहे का, ते बोटाने चाचपून बघा.

दुसरी २०२० ची. बाहेरून तीच, आत १,४६२ सीसीचं पेट्रोल. धुराचे बीएस-६ हे कडक नियम आले आणि डिझेल कायमचं गेलं. तुम्ही पाहिलेली २०२१ ची यातलीच. इंजिन मऊ, आवाज कमी, म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी ही गाडी म्हणजे सुख. पण गिअर चारच. सपाटीवर ते कळत नाही. घाटात पाच माणसं आणि चार पिशव्या घेऊन चढताना एक गिअर फार उंच पडतो, दुसरा फार खाली, आणि इंजिन मधे ओरडत राहतं. गाडीला त्याने काही होत नाही, पण बसणाऱ्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. गिअरच्या दांड्यावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद करायचं बटण असतं. ही गाडी घेतलीत तर ते बटण आणि उतारावर दांडा ‘२’ वर कसा ठेवायचा ते मी तुम्हाला एका सकाळी येऊन शिकवीन. चोर्ल्याहून नुसत्या ब्रेकवर उतरणारी माणसं मी पाहिली आहेत. खाली केरीला पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास रस्त्यावर येतो.

तिसरी ३० जून २०२२ ची. इंजिन त्याच मापाचं पण सुधारलेलं, ऑटोमॅटिकला सहा गिअर, मागच्या सीटसाठी एसीची तोंडं (मे महिन्यात साखळीत हे किती मोठं काम आहे ते तुम्हाला सांगायला नको, मात्र तुमच्या प्रकारात ती आहेत ना ते बघून घ्या), आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ईएसपी आणि चढावर गाडी धरून ठेवणारी सोय अगदी खालच्या प्रकारापासून. ओल्या वळणावर मागचं चाक सरकायला लागलं की ईएसपी एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी रेषेवर आणतं. २०१७ च्या डिझेलमध्ये हे नाही. सहा एअरबॅग मात्र तेव्हा वरच्या प्रकारातच होत्या, सगळ्यांत त्या २०२५ पासून आल्या. तुमची कुठली आहे ते आरसीवरच्या प्रकाराच्या नावावरून कळेल.

बाई, माझं मत तिसऱ्या गाडीला, आणि ते तिच्या तोंडाकडे बघून नाही. चढावर गाडी मागे सरकेल या भीतीने निम्म्या बायका माझ्याकडे येऊन गाडी सोडून देतात. तुम्ही रोज चालवणार, त्या भीतीचं कर्ज डोक्यावर घेण्यापेक्षा बँकेचं थोडं घ्या. क्लच दाबणारा तुमचा डावा गुडघा सासूबाईंच्या वाटेने निघाला असेल तर मात्र २०२१ ची ऑटोमॅटिक, आणि चार गिअरांची सवय करू. आणखी एक : पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि गाड्या त्याला धरून बनू लागल्या त्या २०२३ च्या एप्रिलपासून. तुमच्या दोन्ही पेट्रोल गाड्या त्याआधीच्या. दर सर्व्हिसला इंधनाचे रबरी पाइप तपासून घ्यायला सांगा.

पण हे सगळं गाडी खालून बघितल्यानंतर. आपल्याकडे गाडीचं खरं वय तिच्या पोटाखाली लिहिलेलं असतं. दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीवर रोज चढणारी गाडी भरतीच्या वेळी उतारावरच्या खाऱ्या पाण्यातून जाते. मग ते पाणी घरी सुकतं आणि मीठ पत्र्यावर राहतं. भावाच्या गॅरेजात एकदा चार वर्षांची एक गाडी आली होती. खाली चकचकीत काळं कोटिंग. भावाने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत नेलं. टण, टण, टण, आणि मागच्या चाकाजवळ एकदम ‘थप्प’. तिथे त्याने टोक लावलं तर ते आत गेलं. गंजावरच कोटिंग मारलं होतं. विकत घेणाऱ्या बाई तिथेच उभ्या होत्या, पैसे देऊन झाले होते.

तुम्ही पैसे देण्याआधी हे ठोकून घ्या. डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा, खालच्या खड्ड्यात लाल मातीचा थर आहे का बघा. सगळ्या सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळून राहणारा भाग कुणी धूत नाही. तिथे चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी होती. २०२१ च्या जुलैत वाळवंटीचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्ही साखळीकर माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्या वेळी या भागात असलेल्या कुठल्याही गाडीचा बेल्ट मी ओढल्याशिवाय सोडत नाही.

आणि आरसीचा इतिहास. पूर्वी भाड्याची, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी नंतर खाजगी करून विकली जाते. गैर काहीच नाही, पण तिने किती अनोळखी पायांखाली घाट चढला असेल त्याचा भाव किमतीतून कमी झाला पाहिजे.

प्रश्न : बाय, मी खाणीवरच्या ट्रकवर तीस वर्षं काढली. आता निवृत्त. माझी २०१७ ची डिझेल ब्रेझा उत्तम चालते. पोरगा म्हणतो दहा वर्षं झाली की डिझेल गाडी भंगारात काढतात, आताच वीक. खरं?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : काका, दहा वर्षांचा तो नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागासाठीचा. आपल्याकडे नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे तुमची गाडी २०३२ पर्यंत निर्धास्त. नंतर फिटनेस तपासून नोंदणी पुढे वाढवता येते. ट्रकावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला टर्बो कधी जागा होतो हे मी काय सांगू? ही गाडी तुमच्यासारख्याच्याच हातात शोभते. फक्त छोट्या फेऱ्यांत तिला अडकवू नका. आठवड्यातून एकदा इंजिन नीट तापेल इतकी लांब न्या, आणि पावसाळा संपला की खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. विकू नका. पोराला दिल्लीहून आलेल्या स्वस्त डिझेल गाडीचा मोह झाला असेल, तर तिकडची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि इकडच्या फेरनोंदणीचा कर धरून मगच किंमत ठरवायला सांगा.

प्रश्न : मोपा विमानतळावर नोकरीला आहे. चार मीटरच्या आतल्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला म्हणून नवीन ब्रेझा बघायला गेलो, तर ४० टक्के म्हणाले. फसवतायत का?
— एक तरुण वाचक, पेडणे

उत्तर : नाही रे बाबा, फसवत नाहीत. लांबी ही एकच अट नाही. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, किंवा डिझेल १,५०० पर्यंत, अशा दोन्ही अटी जुळल्या तरच १८. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसी. जुनी डिझेल १,२४८ ची असल्यामुळे दोन्हींत बसायची, ही बसत नाही. तरी २२ सप्टेंबर २०२५ आधी उपकरासह ४५ टक्के होते, तिथून ४० वर आले आहेत. पैशांची ओढ असेल तर १,२०० च्या आतली पेट्रोल गाडी बघ. पण पाच माणसं घेऊन घाट चढणार असशील तर मोठ्या इंजिनाचा जास्तीचा कर मी दिला असता.

प्रश्न : फोंड्यात दुकान आहे. ब्रेझा सीएनजी घ्यावी का?
— एक गृहिणी, फोंडा

उत्तर : वहिनी, किलोला २५.५१ किलोमीटर हा कंपनीचा आकडा मोह पाडणारा आहे. गॅसवर ताकद मात्र ८८ पीएसच्या आसपास, आणि गिअर हाताचेच. दुकानाच्या वाटेवर सीएनजीचा पंप आहे का, तिथे सकाळी किती रांग असते, ते एक आठवडा स्वतः बघा. दुसरं म्हणजे डिकी. पेट्रोल ब्रेझाची ३२८ लिटरची डिकी चवथीला मूळ घरी जाताना नारळ, माटोळीची (गणपतीच्या वर टांगायची) फळं, फराळाचे डबे, सगळं पोटात घेते. सीएनजीत तिथे टाकी बसते. माल आणायला दुकानाचा टेम्पो वेगळा असेल आणि चवथीला दुसरी गाडी मिळत असेल तर घ्या. नसेल तर शोरूममध्ये जाताना फराळाचा सगळ्यात मोठा डबा सोबत न्या आणि डिकीत ठेवून बघा.